निहारचं 'दमलो'

पुणे, रविवार रात्र

प्रिय शुभा,

मांड्या अशा धरल्यात की खुर्चीवरून उठताना टेबलाचा आधार घ्यावा लागतोय. आज सिंहगड केला, आतकरवाडीच्या पायवाटेने. ताईचा निहार बरोबर होता. गेल्याच महिन्यात नऊ पूर्ण झाले त्याला.

अगं, हा मुलगा सुसाट पुढे पळायचा, मग एखाद्या दगडावर बसकण मारायचा. आम्ही धापा टाकत पोचलो की म्हणायचा, "मावशी, मी दमलो." दोन घोट पाणी प्यायला, मिनिटभर बसला, की समोर दिसलेल्या सरड्यामागे परत पळाला! चौथ्यांदा असं झालं तेव्हा मी जरा चढ्या आवाजात म्हटलं, "नाटकं पुरे, आता नीट चाल." त्याचा चेहरा एवढासा झाला. वर देवटाक्याचं गार पाणी प्यायलो, पिठलं-भाकरी खाल्ली, मडक्यातलं दही खाल्लं, पण तो चेहरा काही मनातून जाईना.

घरी आल्यावर मुद्दाम वाचत बसले. आणि गंमत बघ, धागा थेट तुझ्या पर्थला पोचला. फ्रान्समधले सेबास्तियां रातेल आणि तुमच्या एडिथ कोवन विद्यापीठातले अँथनी ब्लाझेविच यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेला एक अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. वयात न आलेले मुलगे, व्यायामाची सवय नसलेले पुरुष आणि लांब पल्ल्याच्या शर्यतींचे कसलेले खेळाडू अशा तिघांना त्यांनी सायकलवर बसवलं आणि 30 सेकंद जिवाच्या आकांताने पेडल मारायला लावलं. शेवटी शेवटी साध्या पुरुषांचा जोर निम्म्यावर आला. खेळाडूंचा सुमारे 42 टक्क्यांनी घटला. मुलांचा मात्र फक्त 35 टक्क्यांनी! नंतर त्यांच्या छातीची धडधडही खेळाडूंपेक्षा लवकर ताळ्यावर आली आणि रक्तातलं लॅक्टेटही त्यांच्याइतक्याच किंवा जास्तच वेगाने उतरलं.

कारण असं की स्नायूला ताकद दोन वाटांनी मिळते. एक ऑक्सिजन वापरून, सावकाश पण टिकाऊ. दुसरी ऑक्सिजनविना, झटपट, पण तिच्यात आम्ल साचतं आणि पाय भरून येतात. आपण मोठी माणसं जोर लावला की या दुसऱ्या वाटेवर फार लवकर जातो. मुलांची मदार पहिलीवर जास्त. शिवाय चपळ, जोरकस स्नायुतंतू आपल्याइतके कामाला लावणं त्यांना अजून जमत नाही. म्हणून त्यांचा जोर मुळात कमी, पण तो टिकतो, आणि उतरलाच तर लगेच भरून येतो. वयात आलं की हे हळूहळू बदलत जातं.

मग तो 'दमलो' का म्हणत होता? ते खोटं नव्हतंच, शुभा. पाय आखूड, म्हणजे तेवढ्याच वाटेला पावलं जास्त. वजनाच्या मानाने त्याला चालणं आपल्यापेक्षा महाग पडतं. वर सुरुवातीलाच सगळा जोर ओतायचा, पुढच्यासाठी राखून ठेवायचं हे त्या वयात कळत नाही. म्हणून तो खरंच दमतो, आणि दोन मिनिटांत खरंच ताजातवाना होतो. मी मात्र त्या दोन मिनिटांचाच पुरावा धरून त्याला खोटं ठरवलं. किती घरांत हे रोज होत असेल! 'आत्ता तर दमला होतास, मग खेळायला बरं जमतं?' हे वाक्य तू-मी लहानपणी किती वेळा ऐकलंय.

माझ्या मांड्या धरल्या त्या उतारामुळे. उतरताना स्नायू ताणला जात असतानाच भार पेलत असतो, त्याने आतले तंतू दुखावतात. मुलांना हाही त्रास कमी होतो. तोच गड उतरून आलेला निहार संध्याकाळी सोसायटीत क्रिकेट खेळत होता. मी गॅलरीतून पाहत होते. तीन धावा पळाला, बॅट टेकून वाकला, दोन-चार श्वास घेतले आणि पुन्हा स्टान्स घेतला.

रात्री फोन करून त्याला सॉरी म्हटलं. त्याला काही आठवतच नव्हतं. पण दोन आठवड्यांनी परत जायचं ठरलंय. त्याने पुढे पळायचं, दगड निवडायचा, आणि मी पोचले की शेजारी बसायला जागा द्यायची, असा करार झालाय.

तुझी लेक पोहायला जाते ना? लांबीच्या टोकाला काठ धरून थांबते तेव्हा किती वेळात परत निघते, एकदा बघून कळव.

तुझी,
मीना