वडिलांचा कोयता

अवजारांची निगा कशी राखावी हे सांगत मी गावोगाव हिंडलो; आणि वडिलांचा कोयता मात्र विरारच्या घरी पडवीत खोचून विसरलो. एका पावसाळ्यात गंजाने त्याची धार खाल्ली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, अशी माझी गत!

कोयता पोलादाचा, म्हणजे लोखंडात थोडा कार्बन मिसळलेला. ओल मिळाली की हवेतल्या प्राणवायूचा लोखंडाशी संयोग होऊन गंज चढतो. गंज भुसभुशीत, त्यातून ओल आत शिरते व खालचे लोखंडही गंजते. आपल्याकडच्या खाऱ्या वाऱ्याने हे काम झपाट्याने होते.

पण प्राणवायू नेहमी वैरीच नसतो. १७३९ साली चिमाजी आप्पांनी शेजारची वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा देशावर गेल्या. त्यांतली एक वाईजवळ मेणवलीच्या घाटावर आजही आहे. घंटा ओततात त्या तांबे-कथलाच्या मिश्रधातूवर प्राणवायूमुळे घट्ट थर बसतो आणि तोच आतल्या धातूला राखतो. स्टेनलेस स्टीलच्या डब्यावरही क्रोमियममुळे असाच थर असतो, डोळ्यांना न दिसणारा.

साध्या पोलादाला हे कवच नाही. ते आपण द्यायचे. काम संपले की अवजार गोड्या पाण्याने धुवा, कोरडे पुसा, तेलाचा हात फिरवा. खंडेनवमीची वाट पाहू नका. मी तो कोयता घासून, तेल लावून ठेवला आहे. पण खड्डे पडलेल्या पात्यावर धार काही टिकत नाही.