साडीने मोजलेले घर

घर किती मोठे हवे, हे तुम्ही कशाने मोजाल? मी वाढलो त्या भायखळ्यात पदपथावरच्या बायांनी ते साडीने मोजले.

गावी काम नाही म्हणून ही कुटुंबे मुंबईत आली होती. रोजगार मिळाला, पण खोलीचे भाडे परवडेना. मग पदपथावरच संसार मांडला. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तरीही रीतसर नोटीस देऊन झोपड्या हटवायला मुभा राहिली. हटवल्यावर जायचे कुठे?

१९८६च्या सुमारास या बायांनी ‘महिला मिलन’ सुरू केले. रोजच्या कमाईतून रुपया-दोन रुपये बाजूला पडू लागले. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाया रंगीत कागदाच्या तुकड्यांनी हिशेब ठेवत. मग साड्या बांधून भिंती उभ्या केल्या आणि आत बसून पाहिले: चूल इथे, अंथरूण इथे. छत चौदा फूट उंच हवे असे ठरले, म्हणजे पोटमाळा बसतो. हा पोटमाळा मला फार आवडतो. खाली सारे झोपले, तरी वर तुमचा अभ्यास चालू राहील!

पुढे मानखुर्दला त्यांचे मिलननगर उभे राहिले. ते भायखळ्याहून बरेच लांब आहे. जुन्या कामावर यायचे तर लोकल गाठावी लागते.