सूर्यास्तानंतरची भूक

आमच्या सासूबाईंनी उभ्या आयुष्यात सूर्यास्तानंतर अन्नाला हात लावला नाही. आता डिमेन्शियामुळे जेवल्याचंच त्यांच्या लक्षात राहत नाही. या आजारात बऱ्याच जणांचा गोंधळ दिवेलागणीला वाढतो, तसा त्यांचाही वाढतो. "मला कुणी जेवायलाच वाढलं नाही गं," म्हणत त्या स्वयंपाकघरात येतात. "आत्ताच जेवलात की!" म्हटलं, की डोळ्यांत पाणी.

म्हणून आता वाद घालत नाही. "वाढते हं, आधी णमोकार म्हणूया," म्हणते. माझं नाव त्या विसरल्यात, पण मंत्राच्या 35 अक्षरांतलं एकही चुकत नाही. म्हणता म्हणता बहुतेक वेळा भूक विसरतात.

नाही विसरल्या, तर मी कपभर दूध देते. जाऊबाईंना ते पटत नाही, "त्यांचं व्रत आपण मोडायचं?" म्हणतात. पण नियम जाणून घेतलेला असतो. जाणच उरली नाही, तिथे मोडला कुणी? पाणी गाळून पिणारी माणसं आपण. घरातल्या म्हाताऱ्या जिवाला रडत झोपवणं आपल्या कुठल्या धर्मात बसतं?