डेडलाइन ४५ दिवस, बॉस कुणीच नाही!

तुमच्या ऑफिसातही असेल असा एखादा पीएमपी. तीन वर्षांत ६० पीडीयू जमवायचे म्हणून धावपळ करणारा. प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटच्या पुणे-डेक्कन चॅप्टरचा कारभार सभासदच बिनपगारी चालवतात. तिथे व्हॉलंटियर झालं की पीडीयूही मिळतात. पण खरी गंमत पुढेच आहे. समोरच्याला पगार नाही, अप्रेझल नाही, मग काम होणार कसं?

उत्तर हवंय? शनिवारी पहाटे गाडी काढा. साताऱ्यात कंदी पेढे घ्या आणि पुसेगाववरून दहिवडी गाठा. इथल्या माण तालुक्यातलं टाकेवाडी २०१८ साली पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये राज्यात पहिलं आलं. डेडलाइन ४५ दिवसांची, तीही एप्रिल-मेच्या उन्हात. टीम म्हणजे अख्खं गाव. हुकूम सोडायची सोयच नाही!

मग मायणीमार्गे विट्याकडे निघा, की आलाच सांगली जिल्हा. येरळा नदीवर बलवडीजवळ बळीराजा धरण आहे. १९८०च्या दशकात शेतकऱ्यांनीच ते उभं करायला घेतलं, नदीतली वाळू विकून पैसा जमवला. तत्त्व एकच : पाण्यावर सगळ्यांचा सारखा हक्क, जमीन नसलेल्यांचाही.

श्रमदानाला माणसं का येतात, ते इथे बंधाऱ्यावर उभं राहिलं की कळतं. घाम गाळणाऱ्याला आपला वाटा दिसत असतो. सोमवारच्या मीटिंगमध्ये 'टीम मोटिव्हेटेड नाही' म्हणण्याआधी एवढंच विचारा, या प्रोजेक्टमध्ये त्यांचं पाणी कुठंय?