आकाशातील खाणी

मानवाच्या प्रगतीचा इतिहास हा धातूंचा इतिहास आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. सुपारीच्या बागेतील कोयत्यापासून अंतराळात झेपावणाऱ्या यानापर्यंत सर्वत्र धातूचेच राज्य आहे. नवल असे की, लोखंडाचे पहिले दान मानवाला आकाशाने दिले. खनिज वितळवून लोखंड काढण्याची विद्या अवगत होण्यापूर्वीच प्राचीन मिसर देशातील कारागीर आकाशातून पडलेल्या लोखंडाचे मणी घडवीत असत. तूतनखामेन राजाच्या थडग्यात सापडलेल्या खंजिराचे पातेही अशाच लोखंडाचे आहे. आपल्या देशात १६२१ साली जालंधरच्या परिसरात लोहमय अशनी पडला, तेव्हा जहांगीर बादशहाने त्यात साधे लोखंड मिसळवून तरवारी, खंजीर व सुरी करवून घेतली, अशी नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. महाराष्ट्रात काटोल येथे २२ मे २०१२ रोजी अशनींचा वर्षाव झाला. त्या दगडांतही लोह व निकेल यांचे कण आहेत.

आज वैज्ञानिक या आकाशस्थ खाणींपर्यंत स्वतःच जाऊन पोहोचण्याची स्वप्ने पाहत आहेत. ही वार्ता वाचून आम्हां नंदिगड्डेकरांच्या मनात कुतूहलाबरोबर आणखीही एक विचार जागा झाला. आमचा जोयडा तालुका रानांचा, डोंगरांचा आणि काळी नदीचा. या भूमीच्या पोटात मँगनीज आहे. येथील रानांत त्याच्या खाणी चालत. दांडेलीस फेरोमँगनीजचा कारखाना होता. पुढे विजेसाठी काळी नदीवर धरण झाले आणि सुपा हे तालुक्याचे जुने ठाणे पाण्याखाली गेले. राष्ट्राच्या उत्कर्षाला धातू हवा, वीज हवी, हे आम्ही जाणतो. परंतु त्याचे मोल कोणती भूमी देते, हेही आम्ही जाणतो. म्हणूनच आम्हांस प्रश्न पडला : आकाशातून धातू आला, तर पृथ्वीवरील डोंगरांना विसावा मिळेल काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी लघुग्रह म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. ग्रह घडून गेल्यावर जे खडक-गोटे उरले, ते सूर्याभोवती फिरत राहिले, तेच लघुग्रह. त्यांतील बहुसंख्य मंगळ व गुरू यांच्या दरम्यान आहेत. परंतु पृथ्वीच्या कक्षेजवळ येणारे असे तीस हजारांहून अधिक आजवर सापडले आहेत. काही दगडी, काही कोळशासारखे काळे व पाणी धरून ठेवणाऱ्या मातीचे, तर थोडे धातुमय आहेत. ‘१९८६ डीए’ हा सुमारे तीन किलोमीटर व्यासाचा लघुग्रह या शेवटच्या जातीचा होय. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार त्याच्या पृष्ठभागाचा सुमारे ८५ टक्के भाग धातूचा आहे, आणि त्यातील लोह, निकेल व कोबाल्ट पृथ्वीवरील ज्ञात साठ्यांहून अधिक भरू शकेल. वाचकहो, कुबेराचे भांडार याहून निराळे ते काय असणार!

परंतु भांडार दिसणे निराळे आणि त्याची किल्ली हाती येणे निराळे. जपानच्या ‘हायाबुसा-२’ या यानाने र्‍युगु लघुग्रहावरून २०२० साली ५.४ ग्रॅम माती आणली. म्हणजे अर्धा तोळासुद्धा नव्हे. अमेरिकेच्या ‘ओसायरिस-रेक्स’ यानाने बेन्नूवरून २०२३ साली १२१.६ ग्रॅम आणली. ती सुमारे साडेदहा तोळे भरते. या दुसऱ्या मोहिमेचा खर्च शंभर कोटी डॉलरांहून अधिक होता. ज्ञान म्हणून ही माती अमोल आहे. व्यापार म्हणून हा हिशेब जुळत नाही. शिवाय बेन्नूवर गुरुत्वाकर्षण इतके क्षीण की, यानाचा हात टेकताच तो सुमारे अर्धा मीटर आत रुतला. जेथे जमीनच घट्ट नाही, तेथे पहार कोठे मारावयाची? खाणीच्या आशेने अमेरिकेत निघालेल्या दोन कंपन्या २०१८ व २०१९ पर्यंत दुसऱ्यांच्या हाती गेल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये अ‍ॅस्ट्रोफोर्ज या कंपनीने ‘ओडिन’ हे यान एका लघुग्रहाकडे धाडले. पण लवकरच त्याचा संपर्क तुटला.

मग हा सारा खटाटोप व्यर्थ काय? तसे आम्हांस वाटत नाही. आमच्या तालुक्यातील उळवीच्या जत्रेला धारवाड-बेळगावकडून भाविक बैलगाड्यांनी येतात. जाण्यायेण्याची सगळी वैरण जर घरूनच लादावयाची ठरविली, तर गाडीत माणसांना जागा उरणार नाही. आणि वैरणीचे ओझे ओढण्यासाठी बैलांना आणखी वैरण लागेल. अग्निबाणाची अडचण हीच आहे. पृथ्वीच्या ओढीतून सुटण्यास सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग लागतो, आणि उड्डाणाच्या वेळी अग्निबाणाच्या वजनाचा बहुतांश भाग इंधनाचाच असतो. वाटेत वैरण मिळाली तर गाडी दूर जाते. लघुग्रहावरील पाण्याचे पृथक्करण करून हायड्रोजन व ऑक्सिजन मिळविले, तर ते यानाचे इंधन होईल. तेथील लोखंड तेथेच वापरले, तर अंतराळातील वास्तू उभारता येतील. तेव्हा आकाशातील खनिजाची खरी किंमत आकाशातच आहे. ते मंगळाच्या वाटेवर उपयोगी पडेल. लोखंडाच्या बाजारात उतरणार नाही.

आणखी एक प्रश्न उरतो, तो मालकीचा. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार कोणत्याही राष्ट्राला अंतराळातील गोलावर स्वामित्व सांगता येत नाही. तथापि अमेरिकेने २०१५ साली आणि लक्झेंबर्गने २०१७ साली कायदे करून, काढलेले खनिज काढणाऱ्याचे, अशी मुभा दिली. येथे आमच्या शेजारच्या गोव्याचे उदाहरण बोधप्रद ठरावे. तेथील लोहखनिजाच्या खाणी २०१२ साली थांबल्या, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले. तत्पूर्वी २०१४ च्या निवाड्यात न्यायालयाने खनिजाच्या विक्रीतून १० टक्के रक्कम भावी पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवण्यास सांगितले होते. एकदा काढलेले खनिज पुन्हा उगवत नाही. म्हणून त्यात पुढच्यांचाही वाटा असतो. हे तत्त्व डोंगराला लागू असेल, तर लघुग्रहाला का नसावे? भारतानेही जून २०२३ मध्ये आर्टेमिस करारावर सही केली आहे. तेव्हा हे नियम घडविताना आपल्या देशाचा आवाज ऐकू येईल, अशी आम्ही आशा करतो.

आमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आता स्पष्ट झाले. आकाशातील धातू आमच्या डोंगरांचे ओझे हलके करील, या भरवशावर राहणे शहाणपणाचे नाही. ते काम आपणांसच करावयाचे आहे : जुना धातू पुन्हा वितळवून वापरणे, गरजेपुरतेच खणणे, आणि खणलेल्या जागी माती व झाडे परत आणणे. लघुग्रहांचा अभ्यास मात्र आमच्या शाळेतील मुलामुलींनी अवश्य करावा. रानातल्या गावाचे एक भाग्य असे की, येथे रात्रीचे आकाश अजून काळेभोर आहे; पाहणाऱ्याला तारे स्पष्ट दिसतात. त्या आकाशातील खाणींचे नकाशे उद्या आमच्यापैकी कोणी काढले, तर त्याने खनिजाबरोबर वाटेकऱ्यांचीही मोजदाद करावी, एवढेच आमचे सांगणे आहे.