पोटमाळ्याचा जिना

कर्ज लोकांच्या डोक्यावर असतं; माझं पाठीत आहे. दिवाळी अंकांच्या हंगामात रात्री उशिरा कॉम्प्युटर बंद करून उठते आणि पाठ कुरकुरत नाही, तेव्हा मला दोन माणसं हटकून आठवतात. एक, गिरगावातल्या छापखान्यातले आमचे कंपोझिटर काका आणि दुसऱ्या, महापालिकेच्या इस्पितळातल्या फिजिओथेरपिस्ट बाई. या दोघांची आयुष्यात कधी गाठ पडली नाही. लंडनच्या एका डॉक्टरांचंही थोडं देणं आहे, पण ते नंतर सांगते.

१९९२ साली मी त्या छापखान्यात डीटीपी ऑपरेटर म्हणून लागले. मालकांनी नुकताच कॉम्प्युटर घेतला होता, त्यावर पेजमेकर आणि मराठी फॉन्ट. कॉम्प्युटरला धूळ लागू नये म्हणून पोटमाळ्यावर काचेची केबिन केली होती. तिथे एसी, बाहेर चपला काढायच्या, चहा आत न्यायचा नाही. देव्हाऱ्याला नसेल इतकं सोवळं. खाली मात्र ट्रेडलचा खडखडाट, शाईचा आणि रॉकेलचा वास, आणि खिडकीशी खिळ्यांच्या केसा, म्हणजे धातूची अक्षरं ठेवायचे कप्प्यांचे खण.

काका त्या खिडकीशी उभे असत. उभेच. इंग्रजी जुळाऱ्याचं, म्हणजे कंपोझिटरचं, दोन केसांत भागतं. आपल्याकडे काने, मात्रा, वेलांट्या, रफार, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, यांची घरं इतकी की केसा पुढ्यात आणि दोन्ही बाजूंना पसरलेल्या. डाव्या हातात स्टिक, उजवा हात घरांवरून फिरतोय. ‘क्ष’साठी खांद्यापासून लांब जायचं, ‘त’साठी नुसतं मनगट वळवायचं. ओळ भरली, घट्ट बसवली, चार ओळी झाल्या की गॅलीत उतरवल्या, गॅली दोरीने बांधून प्रूफ काढायला पलीकडच्या टेबलाकडे गेले, परत आले. छापून झालं की तेच खिळे सोडवून पुन्हा आपापल्या घरी. उजवा पाय थकला की डावा, असं आलटून पालटून ते एक पाय खालच्या पाटावर ठेवत. दिवसाकाठी हे सगळं किती चालणं, वाकणं, हात उचलणं होत असेल याचा त्यांनी कधी विचार केला नसावा. ती त्यांची मजुरी होती.

आणि ती मजुरी माझ्या केबिनमुळे जाणार होती, हे खालच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. वर्षभरात दोन जुळारी गेले. काकांचं शुद्धलेखन पक्कं, म्हणून मालकांनी त्यांना प्रूफं तपासायला ठेवून घेतलं. काकांनी खुर्ची घेतली नाही. रिकाम्या केसच्या उतरत्या स्टँडवर प्रूफ पसरायचं, लाल पेन्सिल कानावर, आणि उभ्यानेच वाचायचं.

पोटमाळ्याचा जिना म्हणजे शिडीच. कठडा नाही, धरायला वरून सोडलेला दोर. मला वाटायचं, प्रूफं पोऱ्याने वर-खाली करावीत. मी वरून हाक मारायची, ‘‘काका, तेवढं प्रूफ पोऱ्याबरोबर वर पाठवा ना.’’

‘‘पोऱ्या मशीनवर आहे. तू ये खाली. पाय मोडलेत का तुझे?’’

लेझर प्रिंटर आला तेव्हा तो केबिनमध्येच ठेवायचा मालकांचा विचार होता. काकांनी शांतपणे विचारलं, ‘‘कागदाची रिमं वर कोण चढवणार?’’ प्रिंटर खाली राहिला. म्हणजे एक पान छापलं तरी मला खाली. प्रूफ वाचायचं तर मूळ प्रत मोठ्याने वाचून दाखवायला कोणीतरी हवं, तेही काम माझ्याच गळ्यात. काकांशेजारी उभी राहून मी वाचायची, विरामचिन्हांसकट: ‘‘...स्वल्पविराम, ‘पण’ नवा परिच्छेद...’’ आणि ते डोळे कागदावरून न हलवता हुंकार भरायचे. वाचून झालं की दुरुस्त्या घेऊन वर, दुरुस्त करून पुन्हा छापायला खाली. पहिल्या पावसाळ्यात त्या जिन्याला मी मनसोक्त शिव्या घातल्या आहेत.

लंडनचे डॉक्टर मला भेटले ते एका आरोग्य विशेषांकाचं मॅटर लावताना. डॉ. जेरी मॉरिस. त्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली आणि निष्कर्ष १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापले. एकाच कंपनीतली, सारख्याच परिस्थितीतली माणसं. फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर तिकिटं फाडत दिवसाला शेकडो पायऱ्या चढ-उतार करणारा. हृदयविकाराचं प्रमाण ड्रायव्हरांत ठळकपणे जास्त निघालं. टपाल खात्यातही तेच: पत्रं वाटणारा पोस्टमन बरा, खुर्चीतला कारकून वाईट. कोणी म्हणेल, ड्रायव्हरची नोकरी मुळात जाड माणसंच धरत असतील. मॉरिसनाही ती शंका आली. त्यांनी काय करावं? कंपनीने शिवून दिलेल्या गणवेशांची मापं काढली, आणि ड्रायव्हरांच्या विजारी कमरेला नोकरीच्या सुरुवातीपासूनच सैल शिवाव्या लागत होत्या हे १९५६ साली स्वतःच छापलं. आपल्याच निष्कर्षावर असं बोट ठेवणारा माणूस मला फार आवडला. त्याने आणि इतरांनी पुढे कित्येक वर्षं हा प्रश्न सोडला नाही, आणि हालचालीची बाजू टिकली.

ते पान लावताना मला हसू फुटलं होतं. बेस्टच्या दुमजली गाड्या मुंबईत १९३७पासून धावत होत्या, त्यातल्याच एकीतून काका रोज कामाला येत. आणि मी पोटमाळ्यावर बसलेली, ड्रायव्हरसारखी, पण कंडक्टरचा जिना गळ्यात पडलेली. मी ते पान खाली नेऊन काकांना वाचून दाखवलं, अर्थातच उभ्याने.

त्यावर त्यांनी विजार गुडघ्यापर्यंत वर केली. पोटरीवर निळ्या शिरा, गाठी पडलेल्या, पिळलेल्या. ‘‘हे बघ आणि मग उभं राहायचं कौतुक कर,’’ म्हणाले. ‘‘बसून मरतो तो बाबू, उभा राहून मरतो तो जुळारी. सारखं एकच काही करू नये बाई.’’ आजकाल उंच होणारी टेबलं विकत घेऊन दिवसभर खांबासारखे उभे राहणारे लोक भेटतात, तेव्हा मला ती पोटरी दिसते.

छापखाना पुढे बंद झाला. खिळे वजनावर भंगारात गेले, केसा कोणीतरी भिंतीवर शोभेच्या वस्तू मांडायला नेल्या. काकांनी मालकांकडे एकच वस्तू मागितली, तो प्रुफाचा स्टँड, आणि टेम्पोत घालून माझ्या डोंबिवलीच्या घरी पाठवला. मी तोवर घरून पुस्तकांची मांडणी करायला लागले होते. स्टँड बाल्कनीत गेला आणि त्यावर कुंड्या आल्या. घरात जिना नव्हता, प्रिंटर मांडीला मांडी लावून बसलेला, चहा हातात आणून देणारी सासू. ऑगस्ट ते ऑक्टोबर मी खुर्चीला चिकटलेली असे. मान आखडली, मग उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने १७१३ साली लेखनिकांच्या दुखण्यांची तीन कारणं लिहून ठेवलीत: सततचं बसणं, हाताची एकाच तऱ्हेची अखंड हालचाल आणि मनावरचा ताण. मला त्याने न तपासताच औषधाची चिठ्ठी लिहून दिली असती.

फिजिओथेरपिस्ट बाईंच्या ओपीडीत बाकावर मी तासभर बसून होते. माझा नंबर आला तेव्हा त्यांनी मान पाहिली, मनगट पाहिलं, आणि ‘व्यायाम करता का?’ हा अपेक्षित प्रश्न विचारलाच नाही. विचारलं, ‘‘तुमच्या कामाचे तुकडे कशाने पडतात?’’

मी म्हटलं, फर्म्याने. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी पुढे सरकतं.

‘‘मग फर्मा झाला की उठायचं. अलार्म लावू नका, अलार्म माणूस बंद करतो.’’ आणि त्यांनी फर्म्याला जोडून काम दिलं: हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं, टाचा उचलून पुन्हा टेकवणं, खांद्यांची पाती मागे एकमेकींजवळ आणणं, हनुवटी सरळ मागे ओढणं. मनगटासाठी माऊस कीबोर्डला चिकटवून ठेवायचा, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला. शिवाय तपासायचं प्रूफ कागदावर काढून उभ्याने वाचायचं. शेवटची सूचना ऐकून मी त्यांना काकांबद्दल सांगत सुटले. मागच्या पेशंटने घसा खाकरला तेव्हा थांबले. त्याच संध्याकाळी कुंड्या खाली उतरल्या.

हे सगळं सगळ्या कामाला लागू होत नाही, हे मी स्वतः करून सांगते. माझा भाचा हिंजवडीत आहे. त्याने टेबलाखाली चालण्याचा पट्टा घेतला आहे. मीटिंगमध्ये ऐकायचं, बोलायचं असतं तेव्हा तो मजेत चालतो. त्याच्याकडे सुट्टीला गेले तेव्हा त्या पट्ट्यावर उभी राहून मी एका कवितासंग्रहाच्या ओळी जुळवायला गेले, तर माऊस हलायचा आणि वेलांटी भलत्याच अक्षरावर. अक्षरांमधलं अंतर बसूनच करावं. फोन चालत घ्यावेत. वाचन उभ्याने. आणि सकाळी तास-सव्वा तास झपाझप चालणं वेगळंच. २०१६ साली दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून ‘लॅन्सेट’मध्येच असं निघालं की दिवसाला आठ तासांहून जास्त बसणाऱ्यांनाही एवढी हालचाल असेल तर बसण्याचा जादा धोका जवळपास उरत नाही. कामाच्या घाईत तो सव्वा तास मात्र सगळ्यात आधी कापला जातो. फर्मा कापला जात नाही, कारण त्याचे पैसे मिळतात.

काका निवृत्त होऊन घरीच असत. मी जात असे. एकदा विचारलं, ‘‘काका, खरं सांगा, मी हलावं म्हणूनच प्रिंटर खाली ठेवलात ना?’’

ते बराच वेळ हसले. ‘‘तुझ्या पाठीची मला काय काळजी? तू वरच बसली असतीस तर आम्हाला खाली कोण विचारत होतं? तुझ्या मशीनने आमचं काम नेलं होतं. तू खाली आलीस की तेवढा वेळ छापखाना पूर्वीसारखा वाटायचा.’’

म्हणजे मला मिळालं ते त्यांनी द्यायचं म्हणून दिलंच नव्हतं. मला ते ऐकून उलट बरं वाटलं. उपकार फेडता येत नाहीत, देवाणघेवाण तरी होते.

बाईंचं मात्र फेडायचा मी प्रयत्न केला. त्यांच्या ओपीडीत व्यायामाची इंग्रजी पत्रकं झेरॉक्स करून वाटत. आकृत्यांचे काळे ठिपके झालेले, मजकूर कोणी वाचत नसे. मी मराठी पत्रक करून दिलं, मोठ्या टायपात, चाळीतल्या आजीलाही कळेल असं. छापण्याआधी प्रूफ काकांकडे नेलं. नजर अधू झालेली, तरी भिंग घेऊन खिडकीशी गेले. एक ऱ्हस्व-दीर्घ काढला, ‘दिवसातून’ एकदा जास्त आलं होतं ते खोडलं. मग समासात लाल पेन्सिलीने, छापून घेण्याची खूण करून, एक ओळ वाढवली: ‘हे पत्रक उभे राहून वाचावे.’

मी ती बाईंना दाखवली. त्या म्हणाल्या, राहू दे, सगळ्यात वर घ्या.