आधी कोण बोललं?

प्रशिक्षण संपलं की फॉर्म वाटतात. कार्यक्रम कसा वाटला : उत्कृष्ट, चांगला, बरा. लेबर रूमच्या कितीतरी सिस्टर्स नाइट करून थेट वर्गात येऊन बसलेल्या असतात. घरी मुलांचे डबे व्हायचे असतात. त्या 'उत्कृष्ट'वर खूण करतात आणि निघतात. त्या फॉर्मांवरून अहवाल तयार होतो. वर्गात शिकवलेल्यातलं बाळंतिणीच्या वाट्याला काय आलं, ते मात्र त्या कागदावर कुठेच नसतं.

माझी सगळी नोकरी परळ भागातल्या लेबर रूममध्ये झाली. आता प्रसूती विभागातल्या टीमवर्कच्या आणि संवादाच्या प्रशिक्षणांचं मूल्यमापन करते. राहायला करी रोडला. इथून केईएम आणि वाडिया दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर, दोन्ही १९२६ सालची. नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह उभं राहिलं ते मुख्यतः गिरणगावातल्या कामगार बायकांसाठी. तीनच वर्षांनी, १९२९ मध्ये, मुंबई प्रांतात देशातला पहिला मातृत्व लाभ कायदा झाला. साच्यावर उभ्या राहणाऱ्या बाईला बाळंतपणासाठी पगारी सुट्टी कशी मिळेल, ती दवाखान्यापर्यंत कशी पोहोचेल, हे तेव्हाचे प्रश्न होते. आज महाराष्ट्रातली बहुतेक बाळंतपणं दवाखान्यातच होतात. २०१८ ते २०च्या पाहणीत एक लाख जिवंत जन्मांमागे राज्यात ३३ मातामृत्यू होते, देशात ९७. बाई दवाखान्यात पोहोचली. आता तिच्याजवळ उभ्या असलेल्या माणसांचं बोलणं एकमेकांपर्यंत पोहोचतं का, हा माझा विषय आहे.

दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे मिनिटाला साधारण अर्धा लीटर रक्त जात असतं. वार पडल्यावर गर्भपिशवी आवळली नाही, तर तेच रक्त बाहेर येतं. म्हणून आमच्या कामात मिनिटं मोजायची असतात, आणि ती मोजायला मी मॉक ड्रिल घेते.

एक सिस्टर पोटाला 'मामा नताली' बांधून टेबलावर बसते. हे नकली पोट असतं, आत बाहुली, वार आणि लाल पाण्याची पिशवी. बाळ होतं, वार पडते, आणि मग ती सिस्टर हळूच कळ फिरवते. लाल पाणी चादरीखालून वाहायला लागतं. मी घड्याळ आणि कागद घेऊन कोपऱ्यात उभी असते. माझ्या कागदावरचा पहिला रकाना आहे : आधी कोणाला दिसलं? दुसरा : आधी कोण मोठ्यानं बोललं? या दोन रकान्यांतलं अंतर म्हणजे त्या लेबर रूमची खरी प्रकृती, असं माझं मत आहे.

दिसतं पुष्कळदा मावशींना, कारण बाईखालची चादर त्याच बदलतात. नाहीतर शिकाऊ नर्सला. मावशी हळू आवाजात म्हणतात, "सिस्टर, बाई जास्त भिजतेय." सिस्टर म्हणतात, "बघते." त्यांच्या हातात बाळ असतं. हाऊसमन केसपेपर लिहीत असतो. मग त्याचं लक्ष जातं आणि तो ओरडतो, "अरे, कोणीतरी पिटोसिन आणा!" या 'कोणीतरी'नं फार वेळ खाल्ला आहे. एक तर तिघी जणी एकदम कपाटाकडे धावतात किंवा कोणीच हलत नाही, कारण प्रत्येकीला वाटतं दुसरी गेली. गर्भपिशवी आवळण्याचं ते इंजेक्शन येतं, दिलं जातं, पण दिल्याचं कोणी सांगत नाही. रजिस्ट्रार मॅडम येऊन विचारतात, "पिटोसिन गेलं का?" आणि खोलीत क्षणभर सगळे एकमेकांकडे बघतात.

प्रशिक्षण अंगी लागलं असेल तर हीच खोली वेगळी ऐकू येते. सिस्टरला नावानं हाक येते, "दहा युनिट पिटोसिन, मांडीत." सुई टोचून झाल्यावर ती मोठ्यानं सांगते, "दहा युनिट दिलं, दोन वाजून सात मिनिटं." लिहिणारी ते लिहिते. गर्भपिशवी चोळणारी चोळणं थांबवत नाही. मावशींना सांगितलेलं असतं की रक्त दिसलं तर हळू सांगायचं नाही, आणि त्या तसं करतात. वॉर्डाच्या उतरंडीत सगळ्यात खालच्या माणसानं सगळ्यात वरच्या माणसाला ऐकू जाईल असं बोलणं ही सोपी गोष्ट नाही. ती नुसत्या भाषणानं येत नाही. मॅडमनी ड्रिलनंतर सगळ्यांसमोर "मावशी, बरं झालं बोललात" असं म्हटलेलं मी जिथे ऐकलं, तिथे पुढच्या ड्रिलला त्या लवकर बोलल्या.

किती रक्त गेलं हा नुसता अंदाज राहिला तर बोलायला धीर होत नाही. "जास्त वाटतंय" म्हणणाऱ्या शिकाऊ मुलीला "एवढं जातंच गं" हे उत्तर ठरलेलं. म्हणून मला बेळगावचं काम फार मोलाचं वाटतं. तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या मंडळींनी बाळंतिणीखाली पसरायची, खाली निमुळती होत जाणारी आणि मापाच्या रेघा असलेली प्लास्टिकची पिशवी वापरून २००६ मध्ये दाखवून दिलं की नजरेचा अंदाज त्या मापापेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी पडतो. पुढे अशीच पिशवी आणि उपचारांचा एकत्रित संच घेऊन केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत दोन लाखांहून अधिक बायकांवर अभ्यास झाला. २०२३ मध्ये निकाल आला : जादा रक्तस्राव ओळखण्याचं प्रमाण ९३ टक्के, नेहमीच्या पद्धतीत ५१. गंभीर रक्तस्राव, त्यासाठीची पोटाची शस्त्रक्रिया किंवा त्यानं होणारा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी खाली आलं. मला त्यात पिशवीइतकीच रेघ महत्त्वाची वाटते. रेघेकडे बोट दाखवून "पाचशे झालं" म्हणणाऱ्या मुलीला कोणी गप्प करू शकत नाही.

उलट बाजूचा निकालही मी प्रत्येक वर्गात सांगते. उत्तर प्रदेशातल्या १२० केंद्रांवर सुरक्षित प्रसूतीच्या चेकलिस्टचा अभ्यास झाला. त्यातल्या साठ केंद्रांत चेकलिस्ट शिकवली गेली आणि आठ महिने मार्गदर्शक सोबत होते. दोन महिन्यांनी तिथे ७३ टक्के कृती नीट होत होत्या, बाकीच्यांत ४२. मार्गदर्शक गेल्यावर, बाराव्या महिन्याला, ७३चे ६२ झाले. आणि आई-बाळांच्या मृत्यूंत व गंभीर गुंतागुंतीत फरक दिसला नाही. दीड लाखांवर बाळंतपणांचा हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याच डिसेंबरात आपल्याकडे लेबर रूमच्या दर्जासाठी 'लक्ष्य' हा कार्यक्रम सुरू झाला. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी मूल्यमापनाच्या चार पायऱ्या १९५०च्या दशकातच मांडल्या होत्या : आवडलं का, समजलं का, कामात उतरलं का, फळ मिळालं का. तिसरी पायरी चढली म्हणजे चौथी आपोआप मिळत नाही, हे उत्तर प्रदेशानं दाखवलं. रक्ताची पिशवी, भूलतज्ज्ञ, पुरेशी माणसं हे नसेल तर चांगलं बोलणं किती पुरणार? तरी एखाद्या वॉर्डातल्या मृत्यूंवरून मी प्रशिक्षणाला पास-नापास करत नाही. ते आकडे इतके लहान असतात की एका वाईट महिन्यानं सगळं चित्र फिरतं. मी मिनिटं मोजते.

आणि मोजायला परत जाते, सहा महिन्यांनी, नाइटला. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या साउथमीड रुग्णालयात २०००पासून डॉक्टर, मिडवाइफ आणि भूलतज्ज्ञ यांना आपल्याच दवाखान्यात एकत्र शिकवलं गेलं, आणि मेंदूला प्राणवायू कमी पडलेल्या बाळांचं प्रमाण दहा हजारांत २७ होतं ते १४वर आलं. आपल्याकडे मात्र शिकलेली टीम टिकतच नाही. इंटर्न बदलतात, रेसिडेंटची पोस्टिंग बदलते, सिस्टरची बदली दुसऱ्या वॉर्डात होते. प्रशिक्षणाला आलेल्यांपैकी त्या रात्री ड्युटीवर एखाददुसरीच सापडते. पण तेवढ्या एकीनं ओव्हर देताना नव्या मुलीला "दिलं की मोठ्यानं सांगायचं हं" असं सांगितलेलं कानावर पडलं, तर ते माझ्या अहवालात पहिल्या पानावर जातं.

त्या अहवालात एक मागणीही असते. प्रशिक्षणाच्या हजेरीपटावर डॉक्टर आणि नर्स असे दोनच रकाने असतात. मावशी कंत्राटी, त्यांना प्रशिक्षणाला सहसा बोलावलंच जात नाही. बोलावलं तर चहा द्यायला. त्यांच्यासाठी तिसरा रकाना हवा, त्या दिवसाची हजेरी त्यांच्या पगारात धरायला हवी, आणि ड्रिलमध्ये चादर त्यांच्याच हातात हवी.